देखणीचा प्रवास

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आम्हां भंडाऱ्याच्या लोकांना नावाड्याला घातलेली साद कोणी समजावून सांगावी लागत नाही. पूल नव्हते तेव्हा पैलतीरावरच्या लग्नाला डोंग्यातूनच जावे लागे. त्यामुळे गोव्याची एक जुनी देखणी आम्हांला परकी वाटत नाही. एक कलावंतीण नदीकाठी उभी आहे. पलीकडे दामूचे लग्न आहे, तिथे तिला नाचायचे आहे. नावाड्याने वाट दाखवावी म्हणून ती अंगावरचे दागिने एकेक करून देऊ करते आणि तो मानी माणूस ते नाकारतो.

'हांव साहिबा पोल्तडी वैता' ही ती देखणी. कार्लुश युजेनियो फेरैरा यांच्या नावावर ती नोंदली गेली आहे. तथापि लोकांच्या ओठी रुळता रुळता ती लोकगीतच होऊन बसली. हिंदू कलावंतिणीचे सुखदुःख ख्रिस्ती घरांतून, घुमटाच्या ठेक्यावर, कोंकणीत गायले जावे, हेच मुळात नवल नव्हे काय? धर्मांतराने माणसांची दैवते बदलली. नदी, नावाडी आणि शेजार मात्र तेच राहिले.

सन १९७३ मध्ये राज कपूर यांच्या 'बॉबी' चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ही चाल हिंदी गाण्यासाठी घेतली. मन्ना डे यांच्या भारदस्त आवाजातील ते गाणे आकाशवाणी व ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे देशभर गेले. चाल गेली, पण फेरैरांचे नाव तिच्यामागे गेले नाही. पडद्यावर दिसला तो मासेमारी करणारा, मद्याचा शौकीन जॅक ब्रगांझा. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणसाला असेच पाहण्याची सवय प्रेक्षकांना लावली, ही आमची जुनी तक्रार आहे.

तरीही या देवघेवीला केवळ चोरी म्हणणे अन्यायाचे होईल. प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे घेतले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले कितीतरी वादक मुंबईच्या चित्रसंगीतात राबले. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्यांच्यासाठी लता मंगेशकर आणि हेच मन्ना डे गायले होते. पुढे १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलाल यांच्या या गुरूचे नाव गाण्यातून गाजले. वादकांची नावे मात्र श्रेयनामावलीत क्वचितच येत.

हे सारे आम्ही भंडाऱ्यात बसून का आठवावे? दिवाळीनंतर मंडई भरते, रात्र रात्र दंडार रंगते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीपट्टीच्या या कलांचा आयुष्यभर अभ्यास केला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हापासून मिस्सामध्ये देशी चालींची भजने आली, आणि ती यावीतच. पण आमच्या गीतसंग्रहांत चालीपुढे 'पारंपरिक' एवढाच शब्द छापून आम्ही मोकळे होतो. ती चाल कोणत्या गावच्या दंडारीतली, कोणत्या रोवणीच्या बांधावरची, हे सांगणारी वृद्ध माणसे अजून काही घरांत आहेत. त्यांना विचारून एक ओळ अधिक छापायला फारशी शाई लागणार नाही.