पेनिसिलिन आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही प्रतिजैविके जंतूंचा नाश करतात, हे सर्वश्रुत आहे. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर त्यांचा काय परिणाम होतो, हे मात्र फारसे कोणी विचारात घेत नाही.

पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा कार्बोलिक आम्लासारख्या जंतुनाशकांनी धुतल्या जात. ही द्रव्ये जंतूंपेक्षा पांढऱ्या पेशींनाच अधिक घातक ठरतात, असे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आढळले. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पेनिसिलिनचा शोध लागल्यावर त्यांनी त्यालाही हीच कसोटी लावली. पांढऱ्या पेशींच्या कार्यात त्याने बाधा येत नाही, अशी नोंद त्यांच्या १९२९ च्या निबंधात आहे.

यामागील कारण सोपे आहे. जंतूंच्या पेशीभोवती कठीण भित्तिका असते आणि पेनिसिलिन तिची बांधणी रोखते. मानवी पेशींना अशी भित्तिका नसल्याने त्या सुरक्षित राहतात. उलट, भित्तिका कमकुवत झालेले जंतू गिळंकृत करणे पांढऱ्या पेशींना सोपे जाते. मात्र पेनिसिलिन या पेशींच्या आत फारसे शिरत नाही. त्यामुळे ब्रुसेलासारख्या, पेशीत दडून राहणाऱ्या जंतूंवर दुसरी औषधे द्यावी लागतात.

या औषधांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. हृदयाच्या झडपांचा किंवा हाडांचा जंतुसंसर्ग झाल्यास मोठ्या मात्रेत, अनेक आठवडे पेनिसिलिन द्यावे लागते. अशा वेळी, बहुधा दोन आठवड्यांनंतर, काही रुग्णांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. प्रौढांत एकूण पांढऱ्या पेशी सामान्यतः घनमिलिमीटरला ४,००० ते ११,००० असतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्यास साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. औषध थांबविल्यावर ही संख्या सहसा काही दिवसांत पूर्ववत होते. औषधाची अॅलर्जी असल्यास इओसिनोफिल या पेशी वाढलेल्या दिसू शकतात.

भारतात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आज या गटातील गोळ्या जालना जिल्ह्यातील बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावीही मिळतात. कायद्याने मात्र त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

पाच-सात दिवसांच्या नेहमीच्या उपचारात पांढऱ्या पेशी घटण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. दीर्घ उपचारात मात्र ठरावीक काळाने रक्ततपासणी आवश्यक असते. या काळात पुन्हा ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात व्रण झाले, तर औषध मनाने बंद न करता त्वरित डॉक्टरांना कळवावे. पेशींची मोजणी करून औषध बदलायचे की नाही, हे तेच ठरवू शकतात.