नमस्काराचा हुकूम

९ ऑगस्ट १७७९ रोजी मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनी सरकारने सोनारांसाठी एक हुकूम काढला. अभिवादन करताना त्यांनी ‘नमस्कार’ हा प्रकार वापरू नये, अशी त्यात सक्त ताकीद होती. सोनार मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवत, ब्राह्मणांसारखे धोतर नेसत, ब्राह्मणांसारखा नमस्कार करत. हे ज्यांना खपले नाही त्यांनी पेशवाईचा अधिकार वापरून ते थांबवलेच, शिवाय मुंबईत राहणाऱ्या सोनारांसाठी कंपनीकडूनही मनाई मिळवली. ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या १९३६ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सोनारांवरील या बंदीचा दाखला दिला आहे.

शिष्टाचाराचा कायदा करावा का, हा वाद आपल्याला नवा वाटतो. पण आपल्याकडे असा कायदा होऊन गेला आहे, आणि तो मान देण्यासाठी नव्हे, मान रोखण्यासाठी झाला होता. आजचे प्रश्न या जुन्या हुकमाशेजारी ठेवून पाहावेत, असे मला वाटते.

आमचे बदनापूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दफ्तराची भाषा उर्दू. त्या वळणाच्या कागदांत पुरुषाच्या नावापुढे ‘वल्द’, म्हणजे अमक्याचा मुलगा. विवाहितेच्या नावापुढे ‘जौजे’, म्हणजे अमक्याची बायको. आणि नवरा वारला की ‘बेवा’. पुढे उर्दू गेली, मराठी आली. ‘जौजे’च्या जागी ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, बसला. शब्द बदलला, खाना तोच राहिला. शेत बाईच्या नावावर असले, तरी ती कोणाची हे आधी लिहायचे.

लग्नपत्रिकेतही तेच. पुरुष अविवाहित असो, विवाहित असो की विधुर, मोठा झाला की तो ‘श्री.’. बाई मात्र कुमारी, मग चि. सौ. कां., मग सौ., आणि नवरा गेला की गं. भा. किंवा श्रीमती. खरे तर ‘श्रीमती’ हे ‘श्रीमान’चे नुसते स्त्रीलिंग. हिंदीत ते विवाहितेला लावतात. मराठीने मात्र ते बहुधा विधवेच्या वाट्याला दिले. या उपाध्यांचा कोणी कायदा केला नव्हता. तरीही पत्रिका छापताना एखाद्या आईच्या नावामागचा ‘सौ.’ काढताना घर गप्प होते, ते कायद्याला भिऊन नव्हे.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करायला सांगितले. हेतू सन्मानाचा होता. टीका झाली, ती रास्त होती. नवऱ्याचे मरण बाईच्या नावाला चिकटलेलेच राहणार असेल, तर नाव पवित्र करून काय साधले? निर्णय झालेला नाही, असा खुलासा मग करावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने वेगळी वाट धरली होती. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तिने केला. नवा शब्द दिला नाही, जुनी सक्ती काढली. शासनाने परिपत्रक काढून इतर गावांपुढे त्याचा आदर्श ठेवला.

मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असावा. विवाहितेच्या नावापुढे मात्र नवऱ्याचे नाव लावण्याची पद्धत तशीच ठेवली. म्हणजे खाना निम्माच बदलला. तरी हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण तो कोणाच्या तोंडाला नव्हे, सरकारच्या स्वतःच्या लेखणीला बांधतो.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये कायदा आला. अर्जात तिसरा खाना आला, पण व्याकरणात कुठून आणायचा? ‘तो आला’, ‘ती आली’. ‘ते आलं’ म्हणावे तर ते लेकराला किंवा वासराला शोभते, मोठ्या माणसाला लागते. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यातही लिंग आहेच. पण ‘तुम्ही आलात’ म्हटले की लिंग विरघळते. अरेतुरेत बाई-पुरुष वेगळे पडतात. अहोजाहोत क्रियापद माणसापाशी थांबते. ही सोय कोणत्याही विधिमंडळाने केलेली नाही.

सक्तीशिवाय काहीच बदलत नाही, हा आक्षेप मी हलका मानत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरले, आणि तो कायदा हवाच. पण तो पाणउतारा रोखतो. पाया पडायला लावत नाही. कायद्याची हद्द मला इथे दिसते: अपमानाला शिक्षा करावी, सरकारी कागद सुधारावा आणि १७७९ सारखा मानाच्या आड येणारा हुकूम पुन्हा निघू देऊ नये. पत्रिकेवर आईच्या नावामागे काय छापायचे, किंवा काहीच छापायचे नाही, हे तिला विचारून ठरवायला मात्र कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.