करवीर दरबारांतील वशिला आणि १९०२ चा हुकूम

नोकरी सरकारची, परंतु ती मिळावयाची कोणाच्या तरी कृपेनें, असा जुन्या संस्थानी कारभाराचा रिवाज होता. जागा रिकामी होण्यापूर्वींच कारकुनाचा भाचा किंवा मेहुणा कचेरींत बिनपगारी उमेदवारी करूं लागे. मोडी वळण आणि दफ्तराची परिभाषा त्याला घरींच मिळालेली असे. मग निवड काय ती नांवाला! असा कारकून कामचुकारच निघे असें नाहीं. कित्येक मोठे साक्षेपी होते. पण बढती कामावर नसून मर्जीवर आहे हें एकदां कळलें, कीं लक्ष कागदापेक्षां वरिष्ठाच्या मुद्रेकडे अधिक लागे. तालमींच्या मंगळवार पेठेंतला निराधार मुलगा तर अर्ज करण्याच्या भानगडींतच कशाला पडेल?

शाहू महाराजांनीं १८९४ मध्यें कारभार हातीं घेतला, तेव्हां सामान्य कारभाराच्या ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १०. हा एका जातीचाच दोष मानणें सोपें, पण अपुरें आहे. शिक्षण ज्या घरांत, शिफारसही त्याच घरांत, असा तो मेळ होता.

२६ जुलै १९०२ च्या हुकुमानें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांस राखून ठेवण्यांत आल्या. श्रोत्यांपैकीं पुष्कळांस एवढेंच स्मरत असेल. त्याच हुकुमांत आणखी एक गोष्ट आहे : यापुढें होणाऱ्या नेमणुकांचें पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानें दर तिमाहीस सादर करावें. ग्यानबाची मेख येथेंच आहे. वशिल्याचा व्यवहार तोंडी चालतो; तो पत्रकांत उतरवावा लागला कीं त्याची पंचाईत होते. शिवाय भाच्याची चिठ्ठी घेऊन आलेल्या स्नेह्यास नकार देण्यास खातेप्रमुखालाही एक सरकारी कारण मिळालें, ही सोय कांहीं लहान नव्हे.

१९१२ मध्यें ९५ जागांपैकीं ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ उरल्या. १९१८ मध्यें कुलकर्णी वतन जाऊन पगारी तलाठी आला. गांवचें दफ्तर बापाकडून मुलाकडे जाण्याचें थांबलें.

मर्जी मात्र नाहींशी झाली नाहीं. अखेरचा शब्द छत्रपतींचा असल्यामुळें आशाळभूतांची नजर कचेरीवरून राजवाड्याकडे वळणें ओघानेंच आलें. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि नोकरीसाठीं राजवाड्याच्या देवडीवर उभें राहण्याचें कारण उरलें नाहीं.