कणगी : जव्हार-मोखाड्यातील घरोघरचे धान्यकोठार

कणगी म्हणजे बांबूच्या पट्ट्यांनी विणलेले उंच, गोल धान्यकोठार. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर अशा आदिवासी समाजांच्या घरांत भात, नागली, वरई कणगीत साठवण्याची जुनी पद्धत आहे.

धान्य टिकते कसे?

विणलेल्या कणगीला शेण-मातीने लिंपतात. त्यामुळे फटी बुजतात आणि कीड आत शिरत नाही. जमिनीची ओल लागू नये म्हणून कणगी लाकडांवर किंवा दगडांवर उभी करतात. धान्य कडक उन्हात वाळवूनच आत भरतात. नागलीला कीड सहसा लागत नाही. नीट वाळवलेली नागली काही वर्षे टिकते.

कणगी रिकामी झाली की?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पीक घरात येते. पण डोंगरउतारावरची थोडीशी जमीन वर्षभर पुरेल इतके पिकवत नाही. ऐन लावणीच्या दिवसांत, कष्ट सर्वांत जास्त असताना, कणगी तळाला जाते. अशा वेळी सावकाराकडून घेतलेल्या धान्याला ‘खावटी’ म्हणत. ते नव्या पिकातून दीडपट-दुपटीने फेडावे लागे. म्हणजे पुढच्या वर्षीची कणगी भरण्याआधीच अर्धी रिकामी होई. बियाणे खाल्ले गेले, तर पेरणीसाठी पुन्हा कर्ज.

सरकारने काय केले?

ही साखळी तोडण्यासाठी महाराष्ट्रात १९७६ मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा झाला. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना आली. तरीही १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालमृत्यू झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य हा हक्क झाला. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, कर्जाऐवजी प्रतिकुटुंब ४,००० रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले; त्यात निम्मी रोख रक्कम आणि निम्म्या वस्तू होत्या.

आज कणगी का महत्त्वाची?

आता अनेक घरांत पत्र्याच्या कोठ्या आणि प्लास्टिकचे पिंप आले आहेत. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. रेशनच्या तांदळाने पोट भरते, पण तो पेरता येत नाही. घरात राखलेल्या धान्यातून मात्र पुढच्या हंगामाचे बियाणेही मिळते. ते संपले की गावठी वाण जातात आणि दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते.