बाबू हरदास आणि विडी कामगार : ‘जयभीम’मागची मजुरीची लढाई

‘जयभीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (6 जानेवारी 1904 – 12 जानेवारी 1939) यांना दिले जाते. नागपूर परिसरातल्या बहुतेक तरुणांना एवढे ठाऊक असते. याच हरदासांनी 1932 मध्ये मध्यप्रांत विडी मजूर संघ उभा केला, ही गोष्ट मात्र जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. आमच्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. माणसाने माणसाला ताठ मानेने भेटावे ही मागणी आणि त्याच्या घामाला पुरते दाम मिळावे ही मागणी, दोन्ही एकाच चळवळीतून आल्या.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. 1877 मध्ये येथे टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गावकीची कामे सोडून शहरात आलेल्या अस्पृश्य समाजाला रोख मजुरी मिळू लागली. किसन फागोजी बनसोडे यांनी 1918 मध्ये नागपुरातून ‘मजूर पत्रिका’ काढली. म्हणजे जातीचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न एकत्र मांडण्याची परंपरा येथे जुनी आहे.

गिरणीत आल्याने जात सुटत नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, त्यातून ‘विटाळ’ होईल हे कारण. आणि याच खात्यात पगार जास्त होता. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. जात ही माणसाच्या कमाईलाही हात घालते, हे त्यातून उघड झाले.

कामठी, भंडारा, गोंदिया हा पट्टा विडीचा. तेंदूपत्ता जवळच्या जंगलातला आणि हात गरिबांचे. हरदासांनी कामठीत रात्रशाळा चालवली, ग्रंथालय उभारले आणि पुढे विडी कामगारांची संघटना बांधली. 1937 च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आले. दोन वर्षांतच, वयाच्या 35 व्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

विडीच्या धंद्यातली पिळवणूक

या धंद्यात कामगाराला सहसा कारखाना दिसत नाही. ठेकेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून देतो. घरच्या बाया पाने भिजवतात, कापतात, तंबाखू भरून विडी वळतात आणि दोऱ्याने बांधतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते. माल जमा करताना ठेकेदार काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो. याला ‘छाट’ म्हणतात.

पिळवणुकीच्या जागा तीन. एक, पाने कमी किंवा फाटकी दिली तरी विड्या पुऱ्या हजार द्याव्या लागतात, म्हणून घट कामगाराच्या खिशातून भरली जाते. दोन, छाट किती काढायची हे ठेकेदार एकटाच ठरवतो. तीन, काम घरी चालत असल्याने मालक म्हणतो, ‘ही माझी कामगार नाहीच.’ कामाचे तास, रजा, आजारपण यांची जबाबदारी मग कोणाचीच राहत नाही. शेजारणीला काय दर मिळतो हेसुद्धा बाईला कळत नाही. अशा विखुरलेल्या कामगारांची संघटना बांधणे हे गिरणीच्या फाटकावर सभा घेण्यापेक्षा कितीतरी अवघड काम होते.

बाबासाहेबांची मांडणी

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. जुलै 1942 मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले.

याच फेडरेशनतर्फे 1947 मध्ये त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत, शेती हा राज्याचा उद्योग व्हावा आणि गावकऱ्यांना जातपात न पाहता ती सामूहिकपणे कसायला द्यावी, असे त्यात आहे. त्यामागचा तर्क साधा आहे. ज्याची चूल उद्याच्या मजुरीवर अवलंबून आहे, त्याला कामासाठी आपले हक्क गहाण टाकावे लागतात. हक्क कागदावर असतात, पण ठेकेदारापुढे तोंड उघडता येत नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणातही राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा त्यांनी दिला.

1950 चा खटला

ही विसंगती लगेच विडीच्याच प्रश्नात दिसली. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने 1948 मध्ये एक कायदा केला होता. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळण्यावर बंदी घालता यावी, म्हणजे शेतीला मजूर मिळतील, हा त्याचा हेतू. त्याखाली सागर जिल्ह्यात निघालेले आदेश ‘चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने हा निर्बंध अवाजवी ठरवून रद्द केला. शेतात राबू न शकणारे म्हातारे, अपंग, आजारी लोकही या बंदीत भरडले जातात, हे न्यायालयाने नोंदवले.

संविधानाने विडी वळण्याचे स्वातंत्र्य राखले. पण हजारी दर काय असावा आणि छाट कोणी काढावी, हे त्या निकालाने बदलणार नव्हते. त्यासाठी संघटना आणि कायदा दोन्ही लागणार होते.

पुढचे कायदे

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यालाही कामगार मानले. 1976 मध्ये विडीवरील उपकरातून कल्याण निधी उभा राहिला आणि त्यातून दवाखाने, घरकुले, मुलांच्या शिष्यवृत्त्या अशा योजना चालल्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा हा उपकर संपला आणि योजना सरकारी तरतुदीवर विसंबल्या. 1966 चा कायदा 2020 च्या संहितेत विलीन करण्यात आला.

धम्म काय सांगतो

‘धम्माचा आणि पगाराचा काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांनी दीघ निकाय उघडावा. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा वाढते, अशी कारणांची साखळी आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये आहेत : झेपेल तेवढेच काम, अन्न व वेतन, आजारपणात सेवा, वेळेवर सुट्टी. दुःखाचे कारण शोधा म्हणणारा धम्म मजुरीकडे डोळेझाक करायला शिकवत नाही.

यातच एक अडचणीचा प्रश्न आहे. विडी ओढणाऱ्याला मारते आणि तंबाखूची धूळ वळणाऱ्या बाईला आजारी पाडते. मग हा धंदा टिकावा म्हणून लढायचे का? आम्हाला वाटते, लढा धंद्यासाठी नसून त्या बाईसाठी आहे. जोवर ती हे काम करते तोवर पुरी मजुरी आणि औषधपाणी, आणि सोबत दुसऱ्या सन्मानाच्या रोजगाराची हमी, अशी दुहेरी मागणी करावी लागेल. नुसते ‘सोडा हे काम’ म्हणणे पोट भरलेल्याला सोपे असते.

आज कार्यकर्त्यांपुढे

आज नागपुरात घरी पार्सल पोचवणारा तरुण, कंत्राटी सफाई कामगार, धुणीभांडी करणारी ताई, सगळ्यांच्या कामाची रचना तीच आहे. दर दुसरा ठरवतो, कपातीचा हिशेब मिळत नाही आणि मालक म्हणतो, ‘हे आमचे कामगार नाहीत.’ ठेकेदाराच्या जागी आता मोबाइलमधले अॅप आले, एवढेच.

म्हणून विहारातल्या रविवारच्या वर्गात वंदनेनंतर एक तास वस्तीतल्या कामगारांच्या नोंदणीला द्यावा, असे आमचे सुचवणे आहे. कोण काय काम करतो, दर काय, ओळखपत्र आहे का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, एवढी माहिती वहीत आली तरी कामगार कार्यालयात जाताना हातात काहीतरी असेल. 12 जानेवारीला बाबू हरदासांना अभिवादन करताना हाराबरोबर ती वहीही न्यावी.