ठिणगी कुठे अडली?

गोष्ट १९८४ ची. मी तेव्हा हट्ट्याच्या शाखेत. एका रात्री सौ.ला कळा सुरू झाल्या. बालाघाट गाठायचं, अन् शेजाऱ्यांची कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी सुरूच होईना! कुणी म्हणे कॉइल बदला, कुणी म्हणे प्लग. पण रात्री दुकान कुठलं उघडं?

म्हाताऱ्या मिस्त्रींनी प्लगची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून स्टार्टर मारायला लावला. ठिणगी नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, तर पॉइंट काजळलेले. करंट अडला की कॉइल ठिणगी देणार कशी? पॉइंट घासले, पत्तीने ०.४ मिलिमीटर फट ठेवली, गाडी सुरू! "कंडेन्सर बदला, नाहीतर पुन्हा जळतील," म्हणाले.

पहाटे मुलगी झाली.

आता पॉइंट गेले, स्कॅनर आले. पण ताळेबंद जुळला नाही तर आम्ही वही बदलत नसू, चूक शोधत असू.