निरागस की अजाण? बालसैनिकाच्या प्रतिमेची चिकित्सा

बालसैनिकांविषयीच्या लेखनात ‘युद्धाने मुलांची निरागसता हिरावून घेतली’ हे विधान इतक्या सहजतेने येते, की त्यातील ‘निरागसता’ या संकल्पनेची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. ‘आगस्’ म्हणजे अपराध. ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही तो निरागस. मराठीच्या रूढ वापरात मात्र हा शब्द कोवळीक, भाबडेपणा, अजाणता या अर्थच्छटांकडे सरकला आहे. निरपराध असणे आणि अजाण असणे या वस्तुतः दोन भिन्न अवस्था होत. बालसैनिकाच्या इतिहासात त्यांची फारकत होते, असे येथे सुचवावयाचे आहे.

सिएरा लिओनमधील यादवी युद्धात (१९९१–२००२) बंडखोरांच्या ‘रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट’ने मुले पळवून नेली; शासनाच्या बाजूने लढणाऱ्या गटांनीही मुलांच्या हाती शस्त्रे दिली. बंडखोरांकडून मुलांना अमली पदार्थ दिले जात, आणि काहींना आपल्याच गावकऱ्यांवर किंवा आप्तांवर हत्यार उचलण्यास भाग पाडले जाई. यामागे थंड हिशेब होता. हिंसा केवळ पाहिलेला मुलगा जाणता होतो, पण घरी परतू शकतो; ती करावी लागलेल्या मुलाची परतीची वाट बंद होते.

युद्धोत्तर न्यायव्यवस्थेने या कोंडीला वयाचे उत्तर दिले. सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाला १५ वर्षांवरील आरोपींवर खटले चालविण्याचा अधिकार होता. परंतु अभियोक्ता डेव्हिड क्रेन यांनी मुलांवर खटले भरावयाचे नाहीत, अशी भूमिका घेतली. उलट, १५ वर्षांखालील मुलांच्या भरतीबद्दल २००७ मध्ये या न्यायालयाने प्रौढांना दोषी ठरविले. मूल अपराधाचा कर्ता नव्हे, तर त्याचा बळी, हे सूत्र येथे प्रस्थापित झाले.

साहित्याने हे सूत्र इतक्या सरळपणे स्वीकारलेले नाही. अहमदू कुरुमा यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ‘अल्ला बांधील नाही’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या फ्रेंच कादंबरीचा निवेदक बिराहिमा हा लायबेरिया व सिएरा लिओनमध्ये लढलेला मुलगा आहे. आपल्या हातून निरपराध माणसे मारली गेल्याचे तो लपवीत नाही. चार शब्दकोश हाताशी घेऊन तो वाचकाला शब्दांचे अर्थ सांगत जातो. ज्याला वाचक अजाण समजतो, तोच येथे वाचकाला जाणते करतो. दयेच्या ठरीव साच्यात तो मावत नाही.

या साच्याची मर्यादा युगांडाच्या डॉमिनिक ऑन्ग्वेन खटल्यात सर्वाधिक स्पष्ट झाली. ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ने लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवून नेलेला हा मुलगा पुढे त्याच संघटनेत सेनाधिकारी झाला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला प्रौढपणीच्या ६१ गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा दिली. १५ वर्षांखालील मुलांची भरती हाही त्यांतील एक गुन्हा होता. त्याच्या अपहरणाचा विचार न्यायालयाने शिक्षा ठरविताना केला, दोष ठरविताना नव्हे.

‘हिरावून घेतली’ या क्रियापदाने निरागसता एखाद्या दागिन्यासारखी होते, आणि ती गमावणाऱ्याला केवळ शोकाचा विषय व्हावे लागते. मग जो मुलगा शोकाला साजेसा दिसत नाही, ज्याच्या हाताला रक्त लागलेले आहे, त्याच्यावरील अन्याय आपण कोणत्या शब्दांत मांडणार? बालसैनिकाला न्याय देण्यासाठी तो निष्कलंक असण्याची अट आपल्या समीक्षेने प्रथम मागे घेतली पाहिजे.